कंबरदुखीसाठी धंतोलीतला 'एकत्रित उपचार' विभाग : उपचार चांगला, काउंटर वाईट

पाचपैकी साडेतीन तारे. नुसत्या उपचाराचे द्यायचे तर साडेचार दिले असते, पण एक तारा काउंटरने खाल्ला. दवाखान्याचं नाव टाकत नाही. खाली बिलाबद्दल चार कडू गोष्टी आहेत आणि माझी फाईल अजून त्यांच्याच कपाटात आहे. धंतोलीतला आहे, एवढं पुरे. धंतोलीत डोळे मिटून रस्ता ओलांडला तरी माणूस कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पायरीवरच पोचतो, हे नागपूरकराला सांगायला नको.

मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. बरीच नोकरी गणेशपेठेतून, गडचिरोली-चंद्रपूरच्या लाईनवर झाली. त्या जुन्या लाल गाड्यांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, बॉनेटची धग डाव्या मांडीला, क्लच दाबायचा तोही डाव्याच पायाने, आणि सीट अशी की खड्डा कंडक्टरला दिसायच्या आधी आपल्या कमरेला कळायचा. दिवसभर गाडीचे हादरे खाणाऱ्यांना कंबरदुखी जास्त होते, हे डॉक्टरांच्या पुस्तकातही आहे. माझी कळ डाव्या कुल्ह्यातून निघते आणि मांडीच्या मागून पोटरीत उतरते. मी रिटायर झालो, ती अजून ड्यूटीवर आहे.

आधीचे उपचार थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांची कहाणी अशीच असते. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला आणि गोळ्या दिल्या. नसांच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या न बघता दुसऱ्या दिल्या. एका वैद्यांनी दोन्ही बंद करून काढा दिला. मालिशवाल्याने सांगितलं की मणका सरकलाय, मी बसवतो. चुलतभावाने कुठूनशा पुड्या आणून दिल्या, त्यांनी मात्र दोन दिवसांत कमाल केली. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा होता, पण दुसऱ्याने काय लिहून दिलं ते कुणी विचारलं नाही. एसटीत हे चालत नाही. गाडी वर्कशॉपला लागली की तिचं एक जॉबकार्ड निघतं. इंजिनवाला, टायरवाला, इलेक्ट्रिशियन, बॉडीवाला, सगळे त्याच एका कार्डावर लिहितात आणि शेवटी एक माणूस सही करून गाडी रस्त्यावर सोडतो. एवढी सोय सरकारी गाडीला आहे, ड्रायव्हरला नव्हती.

या विभागाची खरी गोष्ट हीच आहे. बाहेर बोर्डावर अ‍ॅलोपॅथी, आयुर्वेद, योग, अ‍ॅक्युपंक्चर अशी सगळी नावं आहेत, आणि तशी नावं हल्ली बऱ्याच बोर्डांवर असतात. इथे फरक हा की पेशंटची फाईल एकच. वेदनातज्ज्ञ मॅडम, आयुर्वेदाचे वैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचार करणाऱ्या ताई, चौघं त्याच फाईलमध्ये लिहितात आणि बुधवारी दुपारी एका टेबलाशी बसून नवे पेशंट बघतात. कुठली गोळी चालू राहील, कुठली बंद, याची शेवटची सही मॅडमची. मॅडम मूळच्या भूलतज्ज्ञ. मला आधी नवल वाटलं की गुंगी देणारे डॉक्टर कंबरेला काय करणार, पण दुखण्याच्या नसा आणि इंजेक्शनं हे भूलतज्ज्ञांचंच क्षेत्र, आणि आपल्याकडचे बरेच वेदनातज्ज्ञ त्याच शाखेतून येतात.

अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगितलं होतं, "काका, घरात जे जे औषध आहे ते सगळं पिशवीत घालून आणा. तेलं, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेलं, सगळं." मी तांदळाची रिकामी पिशवी भरून नेली. मॅडमनी ती टेबलावर उलटी केली आणि पत्त्यांचा डाव लावावा तशी पाकिटं ओळीने मांडली. बोलणं काही नाही, फक्त मांडून राहिल्या. मग तीन पाकिटं बाजूला सरकवली. एक ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन, दुसरी लघवी वाढवणारी गोळी, तिसरी दुखण्यावरची अ‍ॅसिक्लोफेनॅक. पहिल्या दोन हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या, तिसरी हाडांच्या. एकेकटी कुठलीच चुकीची नाही, पण तिन्ही एकदम रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर भार पडतो, आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकसारख्या गोळीने ब्लडप्रेशरही वर जातं. म्हणजे एका हाताने दाब उतरवायचा आणि दुसऱ्या हाताने चढवायचा. मूत्रपिंडाचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घेतली, ते जरा वरच निघालं. अ‍ॅसिक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद.

मग पुड्यांची पाळी आली. वैद्यांनी एक पुडी उघडली, बोटावर घेतली, वास घेतला. पाकिटावर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. "दोन दिवसांत कमाल केली ना? भूक वाढली होती? तोंडावर सूज?" भूक वाढली होती खरी, आमच्या घरी तर त्याचं कौतुक झालं होतं. वैद्य म्हणाले की अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून इतक्या झटपट उतार पडतो, आणि ते महिनोन्‌महिने पोटात गेलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. "याला मी आयुर्वेद म्हणत नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आयुर्वेदाच्या माणसाने हे सांगितलं म्हणून आमच्या चुलतभावालाही पटलं. हेच मॅडम बोलल्या असत्या तर तो म्हणाला असता, अ‍ॅलोपॅथीवाले असंच बोलतात.

तपासणी जुन्या पद्धतीची, हात लावून. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, झोपा, पाय सरळ ठेवून वर उचला, पायाच्या अंगठ्यात जोर लावा. लघवी-संडासवर ताबा आहे का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, वजन उतरलंय का, ताप येतो का, हेही विचारलं. यातलं एक जरी "हो" निघालं असतं तर तेल-योग काही नाही, सरळ तातडीच्या तपासण्या. आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला पाहिजे, कारण पायातली ताकद जाऊन राहिली असताना शेक देत बसणारे लोक मी पाहिले आहेत.

एमआरआयचा रिपोर्ट मी लॅमिनेट करून ठेवला होता. एल-४, एल-५, डिस्क बल्ज, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली गादी फुगलेली. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की माझी गादी बाहेर आली आहे. मॅडमनी २०१५ साली छापलेल्या एका मोठ्या आढाव्याचे आकडे सांगितले. काहीही दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा तो हिशेब. त्यात पन्नाशीच्या लोकांत ६० टक्क्यांना डिस्क बल्ज निघाला, साठीच्यांत ६९ टक्क्यांना; आणि साठीतल्या ८८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या. दुखणं कुणालाच नाही! म्हणजे फोटोत दिसतं ते सगळंच दुखण्याचं कारण नसतं. "दुखणं खरं आहे, काका. पण तुमचा मणका मोडकळीला आलेला नाही." या एका वाक्याने जितका आराम पडला तितका मला वाटतं दोन पट्ट्या गोळ्यांनी पडला नसता. 

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा परत परत येणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, तिला स्वतःची वेगळी जागा दिली आहे. मॅडमनी समजावलं ते असं : जखम भरते, पण नसा आणि मेंदू यांची सवय जात नाही, साध्या हालचालीलाही धोका समजून ते बोंब मारत राहतात. म्हणून उपचार एकट्या कंबरेचा करून भागत नाही.

आता तेलाकडे येतो, कारण बहुतेक लोक तेलासाठीच जातात.

कटीबस्ती. पालथं झोपवतात. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून तिची वळी करतात आणि कमरेवर गोल बांध घालतात, आतून-बाहेरून ओल्या बोटाने लिंपून घेतात. मग कोमट केलेलं तेल आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचं आणि हळूहळू त्या आळ्यात सोडायचं. थंड झालं की कापसाच्या बोळ्याने टिपून वाटीत पिळायचं, तिकडून दुसरं गरम घालायचं. हे अर्धा-पाऊण तास चालतं. माझ्या वेळचा परिचारक काटोलकडचा पोरगा, हात हलका, पण लक्ष खिडकीबाहेर. एकदा बांधाला चीर गेली आणि तेल बरगडीकडून खाली उतरायला लागलं. "काका, हलू नका बरं, सांडून राहिलं!" मी हललो नव्हतो, मी फक्त शिंकलो होतो. त्याने पिठाचा गोळा चिमटीत दाबून अशी काही चपळाईने चीर बुजवली की पंक्चरवाल्याने बघत राहावं. नंतर निर्गुंडीच्या पाल्याच्या पोटलीचा शेक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा वैद्यांनी शेक निम्म्यावर आणला; ग्रीष्मात जास्त घाम काढू नये, हे शास्त्रातलंच आहे म्हणाले. पॅकेजमध्ये लिहिलंय म्हणून भाजून काढलं नाही, याचे मार्क द्यायला पाहिजेत.

गुण आला का? आला. तेलाच्या दिवशी कंबर मोकळी वाटायची, रात्री झोप लागायची, आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम करताना अंग ऐकायचं. आठवड्याभरात तो असर उतरायचा. वैद्यांनी आधीच सांगितलं होतं की याने गादी आत जात नाही, स्नायू सैल होतात, आणि सैल झालेत तोवर त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. कटीबस्तीवर मोठे, पक्के अभ्यास फारसे नाहीत, हेही त्यांनी मॅडमसमोर मान्य केलं. पोटात घ्यायला योगराज गुग्गुळ दिला, तो फाईलमध्ये तारखेसह लिहिला, आणि मॅडमनी खाली टिक केली. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका काकूंना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. त्यांनी मनाने चालू केलेल्या हळदीच्या कॅप्सूल याच फाईलमुळे पकडल्या गेल्या आणि बंद झाल्या. भाजीतल्या हळदीचं तसं काही नाही, कॅप्सूलमध्ये ती फार दाट असते.

अ‍ॅक्युपंक्चरने मला फारसं काही झालं नाही. सुया केसासारख्या बारीक, नव्या पाकिटातून समोर फोडलेल्या, दुखत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. छान डुलकी लागते. पण पोटरीची कळ होती तिथेच. मॅडमनी इथेही झाकून ठेवलं नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं. त्याच संस्थेने २०२१ मध्ये, ज्या दीर्घकालीन वेदनेमागे दुसरा आजार सापडत नाही तिच्यासाठी त्याचा विचार करा म्हटलं. आणि अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्याच यादीत ते घातलं. "म्हणजे करून बघा, चार-सहा वेळात फरक नाही पडला तर पैसे घालवू नका." मी थांबवलं, कुणी रागावलं नाही.

जाता जाता नागपूरची एक गोष्ट. डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्यांच्या पाच डॉक्टरांच्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ते इथे कुणाला आठवत नाही. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि आपल्या देशात ते रुजवलं. सुया टोचून घेत पडल्या पडल्या मी हे त्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांना चोळकर माहीत नव्हते. आता आहेत.

पूर्ण साडेचार तारे ज्यांच्यामुळे आले असते ती माणसं दोन. पहिली फिजिओ. वयाने माझ्या पोरीपेक्षा लहान, आणि डेपो मॅनेजरपेक्षा कडक. तिने विचारलं, "काका, तुम्ही चालता कधीपर्यंत?" म्हटलं, दुखेपर्यंत. "इथेच गडबड आहे." ज्या दिवशी बरं वाटलं त्या दिवशी मी मानेवाड्याहून थेट सक्करदऱ्यापर्यंत पायी जायचो, आणि मग पुढचे काही दिवस खाटेवर. तिने घड्याळ लावून दिलं. दुखो न दुखो, ठरलेली मिनिटं चालायचं आणि थांबायचं. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी अगदीच शून्य नाही. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. टाइमटेबलवर गाडी चालवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे मला लगेच जमलं. सोबत पुलासारखी कंबर उचलायची, एक हात आणि उलटा पाय लांब करायचा, खुर्चीतून हात न लावता उठायचं, असले साधे व्यायाम. मशीन एकच, टेन्स नावाचं, चिकटपट्ट्या लावून झिणझिण्या देणारं. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, त्याचं शास्त्र १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं : पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे, आणि चोळण्याची जाणीव आत शिरली की दुखण्याला वाट कमी मिळते. मशीनही त्याच विचाराचं. चालू असेपर्यंत बरं वाटतं. विकत घ्यायचा आग्रह तिने केला नाही, काउंटरने केला. त्यावर पुढे येतो.

योगाचे वर्ग विभागातही आहेत, पैसे वेगळे. शिकवणारे चांगले, प्रत्येकाची फाईल बघून आसन बदलतात, मला पुढे वाकायची आसनं सुरुवातीला बंद होती. कंबरदुखीला योगाने थोडा पण खरा फायदा होतो, असं अभ्यासांतही निघालं आहे. मात्र एकदा आपल्याला काय करायचं नि काय टाळायचं ते कळलं की त्यासाठी दवाखान्याचे पैसे भरत राहण्यात अर्थ नाही. रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, किती पिढ्यांनी तिथे फुकट आसनं शिकली. मी फाईलमधली यादी घेऊन तिकडे गेलो.

दुसरी व्यक्ती म्हणजे मानसोपचाराच्या ताई. आमच्या घरातून पहिला विरोध इथेच झाला. "डोक्याच्या डॉक्टरले काहून दाखवता? दुखते तर कंबर!" बायकोचं म्हणणं सरळ होतं. ताईंनी तिलाच आत बोलावून घेतलं. २०२० मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने वेदनेची व्याख्या नव्याने केली, तिच्यात संवेदनेइतकीच भावनाही आहे, हे सांगितलं आणि मग मला एकच प्रश्न : "दुखण्यापायी काय काय सोडलं?" मी सांगायला लागलो आणि यादी लांबतच गेली. भंडाऱ्याला पोरीकडे जाणं सोडलं, कारण गाडीत कळ येईल. लग्नात पंगतीला बसणं सोडलं. सकाळी मित्रांसोबत तर्रीपोहे खायला जाणं सोडलं, तिथे उभं राहावं लागतं म्हणून. बायको बाजूला बसून ऐकत होती. नंतर ती म्हणाली, "सिनेमाही सोडला," आणि तो माझ्या यादीत नव्हता.

त्या यादीतली एकेक गोष्ट परत सुरू करायची, हा उपचार. दुखणं दहापैकी किती, हे रोज लिहायला ताईंनी मनाई केली. त्याऐवजी आज काय केलं ते लिहा. शिवाय शरीरावर लक्ष फिरवत पडून राहायची एक पद्धत शिकवली, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये असा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याचे सुरुवातीचे पेशंट आमच्यासारखे, जुन्या दुखण्याला कंटाळलेले लोकच होते. मुळं आपल्याकडच्या ध्यानातली, फिरून अमेरिकेमार्गे धंतोलीत आली. कूलरच्या घरघरीत मला पहिल्यांदा फक्त झोप आली. ताई म्हणाल्या, तीही चालेल.

प्रीगॅबालिन नावाची गोळी मला आधीपासून चालू होती. तिने दिवसभर डोकं जड, पायावर सूज आणि पँटची कंबर दोन इंच वाढलेली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, पायात उतरणाऱ्या कळेवर ही गोळी साध्या नकली गोळीपेक्षा जास्त गुणकारी ठरली नाही, हे मॅडमनी दाखवलं. पण ती एका झटक्यात सोडायची नसते, डोस उतरवत उतरवत बंद करायची असते. त्याचं वेळापत्रक फाईलमध्ये लिहून दिलं. आता बंद आहे. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारा. मधुमेहाने पायाची आग होणाऱ्यांना हीच गोळी उपयोगी पडते.

आता काउंटर.

मॅडम सांगतात, आधी थोडं करून बघा, मग पुढे ठरवू. खाली उतरलं की काउंटरवरची मुलगी पॅकेजचा कागद पुढे करते : मालिश, कटीबस्ती, शिरोधारा, सगळं एकदम, पैसे पाच आकड्यांत, आधी भरा. शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, मला कुणी लिहूनच दिली नव्हती. म्हटलं, फाईलमध्ये दाखव. तिने फाईल उघडली नाही, म्हणाली, "सगळेच घेतात, काका." मी घेतलं नाही आणि सुट्या दराने पैसे भरले. ते महाग पडतं, पण मधे थांबता येतं. अ‍ॅक्युपंक्चर असंच थांबवलं. पॅकेज घेतलेल्या एका गृहस्थांना उरलेले पैसे परत मिळवायला इतके हेलपाटे पडले की त्यांची कंबर त्यानेच दुखली असेल. ज्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर चार तज्ज्ञ एका कागदावर येतात, त्याच दवाखान्याच्या तळमजल्याने तो कागद वाचू नये, हे मला समजत नाही. टेन्सचं मशीन, कंबरेचा पट्टा, हाडांची पावडर, सगळं त्याच काउंटरवर सजवून ठेवलंय. पट्टा फिजिओने नको म्हटलं होतं.

विम्याचं आधीच विचारून घ्या. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरे) उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरावं असं नियामकाने सांगितलं आहे, म्हणून काउंटर बेधडक "क्लेम होईल" म्हणतो. पण हे सगळे उपचार येऊन-जाऊन घ्यायचे, म्हणजे ओपीडी, आणि ओपीडीचे पैसे तुमच्या पॉलिसीत तसं लिहिलेलं असेल तरच मिळतात. माझ्या पॉलिसीत नव्हतं.

आणि खुर्च्या! वेटिंगमध्ये स्टीलच्या, भोकाभोकाच्या, मागे कललेल्या जोडखुर्च्या. कंबरदुखीच्या विभागात. अर्धे पेशंट भिंतीला पाठ लावून उभे असतात. मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, उत्तर नाही. फिजिओला सांगितलं तर ती हसली, तिने स्वतःही सांगून पाहिलं होतं म्हणे. अपॉइंटमेंटची वेळ पाळतात, पण बुधवारी नाही. बुधवारी दीड-दोन तास धरून चाला.

माझी आजची स्थिती अशी : दुखणं गेलेलं नाही. अधूनमधून पोटरीत कळ येते, थंडीत जास्त. पण भंडाऱ्याला जाऊन आलो, एसटीनेच, आणि ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून वाटेत दोनदा उभा राहिलो. पोहे खाणं सुरू आहे. गोळ्यांपैकी ब्लडप्रेशरच्या तेवढ्या उरल्या, अगदीच ठणकलं तर पॅरासिटामॉल. ज्यांना एका इंजेक्शनात किंवा एका तेलात कायमचं बरं व्हायचंय त्यांनी इथे जाऊ नये, चिडून परत येतील. ज्यांच्या पायाची ताकद कमी होऊन राहिली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, त्यांनी तर इथे नाहीच, सरळ तातडीच्या विभागात जावं. आणि ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांनी सक्करदऱ्याच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय बघावं. पंचकर्म तिथेही होतं आणि खिशाला झेपतं. फक्त तिथे जाताना आपल्या चालू गोळ्यांची यादी आपणच लिहून न्यावी आणि परत आल्यावर तिथलं औषध आपल्या डॉक्टरांना दाखवावं, कारण तो एक कागद तिथे तुम्हालाच सांभाळावा लागेल.

जाणार असाल तर पहिली भेट बुधवारचीच मागा. बाकीच्या दिवशी चौघं एकत्र नसतात आणि तुम्हाला एकेकाकडे वेगळं फिरवतात, त्याचे पैसेही वेगळे लागतात. औषधांची पिशवी विसरू नका. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळेल या आशेवर राहू नका. मेट्रोने काँग्रेसनगरला उतरा, लिफ्ट आहे, आणि तिथून फार चालावं लागत नाही.